मिनिमम ड्यू भरलं की झालं? क्रेडिट कार्ड, व्याज आणि सिबिल स्कोर, अगदी पहिल्यापासून

आजचा भाग खास अकरावी-बारावी आणि कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या श्रोत्यांसाठी आहे. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. या वेळी थोडी आकडेमोड आहे, त्यामुळे मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडून ठेवलात तर बरं. गणित सातवीच्या वरचं नाही, घाबरू नका.

विषय आहे क्रेडिट कार्ड. तुम्ही म्हणाल, आम्ही अजून अठराचे नाही, आम्हाला कोण कार्ड देणार? बरोबर आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अठरा पूर्ण झाल्याशिवाय तुम्ही करार करू शकत नाही, आणि कर्ज हा करारच असतो. पण अठरावा वाढदिवस झाला की कॉलेजच्या गेटबाहेर, मॉलमध्ये, शॉपिंगच्या ॲपवर एकच प्रश्न सुरू होतो: "कार्ड घ्या ना, फ्री आहे!" त्या वेळी शिकायला बसलात तर उशीर झालेला असतो. म्हणून आजच बोलूया.

पत म्हणजे काय?

क्रेडिटला आपल्याकडे जुना शब्द आहे, पत. पतसंस्था हा शब्द तर गावागावात पाटीवर दिसतो. किराणा दुकानदार सगळ्यांना उधार देत नाही. तुमच्या आजीला देतो, कारण आजी एक तारखेला वहीतला हिशेब चुकता करते. शेजारच्या एखाद्याला मात्र तो भिंतीवरची पाटी दाखवतो: आज रोख, उद्या उधार. दोघांपैकी श्रीमंत कोण, हा प्रश्नच नाही. ठरल्या दिवशी पैसे परत येतात का, एवढंच दुकानदार बघतो.

क्रेडिट कार्ड ही तीच वही आहे. फरक दोन. एक, वही बँकेकडे असते. दोन, तारीख चुकली तर दुकानदार फक्त तोंड वाकडं करतो, बँक व्याज लावते.

डेबिट कार्ड वेगळं. त्यात तुमच्याच खात्यातले पैसे जातात. क्रेडिट कार्डात जातात ते बँकेचे पैसे, म्हणजे प्रत्येक स्वाइप हे एक छोटं कर्ज. आता तर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयलाही जोडता येतं. त्यामुळे चहाच्या टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करताना खाली कुठलं खातं निवडलंय, ते एकदा बघा. बचत खातं असेल तर तो खर्च. क्रेडिट कार्ड असेल तर ती उधारी. स्क्रीन दोन्ही वेळा सारखीच दिसते, "पेमेंट सक्सेसफुल".

एक फोन, दोन मित्र

आता मुख्य मुद्दा. समजा, तुमचे दोन मित्र आहेत. दोघांकडे सारखंच कार्ड. दर महिन्याच्या १५ तारखेला स्टेटमेंट तयार होतं आणि पुढच्या महिन्याची ५ तारीख ही पैसे भरायची शेवटची तारीख, म्हणजे ड्यू डेट. व्याजदर धरूया महिन्याला साडेतीन टक्के. बँकेबँकेत थोडं कमी-जास्त असतं, पण साडेतीन हा अगदी नेहमी दिसणारा आकडा आहे.

दोघेही १६ जूनला ३०,००० रुपयांचा फोन घेतात. १५ जुलैला स्टेटमेंट येतं. त्यात दोन आकडे छापलेले असतात:

एकूण देय रक्कम: ३०,००० रुपये.
किमान देय रक्कम, म्हणजे मिनिमम ड्यू: १,५०० रुपये.

पहिला मित्र ५ ऑगस्टला पूर्ण ३०,००० भरतो. त्याला व्याज किती? शून्य. १६ जून ते ५ ऑगस्ट, म्हणजे ५० दिवस त्याने बँकेचे पैसे फुकट वापरले. क्रेडिट कार्डाची खरी मजा ती हीच.

दुसरा मित्र दुसरा आकडा बघतो. "अरे, फक्त दीड हजार भरायचेत!" तो १,५०० भरतो आणि निर्धास्त होतो. त्याला वाटतं, २८,५०० उरले, त्यावर व्याज लागलं तरी ५ ऑगस्टनंतरचं लागेल.

इथेच सगळे फसतात. तो ५० दिवसांचा फुकट काळ पूर्ण रक्कम भरणाऱ्यालाच मिळतो. पूर्ण भरली नाही की ती सवलत रद्द, आणि व्याज मोजलं जातं खरेदीच्या तारखेपासून, म्हणजे १६ जूनपासून. आता कॅल्क्युलेटर घ्या. महिन्याला ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. भरलेले दीड हजार वजा करून उरलेल्या २८,५०० वरच व्याज धरूया, म्हणजे कमीत कमी. दिवसाला होतात साधारण ३२ रुपये ८० पैसे. १६ जून ते १५ ऑगस्ट, ६० दिवस. व्याज झालं सुमारे १,९६८ रुपये. या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणखी ३५४ रुपये.

१५ ऑगस्टच्या स्टेटमेंटवर त्याला काय दिसतं? ३०,८२२ रुपये.

परत वाचा. ३०,००० चं देणं होतं. त्याने १,५०० भरले. आणि आता देणं आहे ३०,८२२. बँकेने फसवणूक केलेली नाही. सगळं नियमात आहे, अटींमध्ये लिहिलेलं आहे.

मग मिनिमम ड्यू असतं कशासाठी?

मिनिमम ड्यू भरलं की लेट फी लागत नाही आणि तुमचं खातं थकीत म्हणून नोंदलं जात नाही. एवढाच त्याचा उपयोग. व्याज त्याने थांबत नाही.

आपल्या दुसऱ्या मित्राचंच पुढे बघूया. समजा त्याने कार्डावर नवीन काहीच घेतलं नाही, आणि दर महिन्याला बाकीच्या ५ टक्के, म्हणजे मिनिमम तेवढं भरत राहिला. व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून महिन्याला ४.१३ टक्के लागतात. म्हणजे भरलेल्या पाच रुपयांतले जवळपास चार रुपये व्याजातच गेले, मुद्दल कमी झालं एखाद्या रुपयाने. या वेगाने देणं निम्म्यावर यायला ६४ महिने लागतात. पाच वर्षांहून जास्त! तोपर्यंत त्याने भरलेले असतात सुमारे ७१ हजार रुपये, आणि अजून १५ हजारांवर बाकी असतात. फोन तर केव्हाच भंगारात गेलेला असतो.

काही बँका मिनिमम ड्यूचं सूत्र थोडं वेगळं लावतात, त्यामुळे महिने कमी-जास्त होतील. चित्र मात्र हेच राहतं.

आता त्याच ३०,८२२ वर त्याने मिनिममच्या आकड्याकडे दुर्लक्ष करून दर महिन्याला ठरवून ३,००० भरले तर? १४ हप्त्यांत मोकळा, एकूण सुमारे ४१ हजार भरून. महाग पडलंच, पण सुटला. म्हणून पूर्ण रक्कम जमत नसेल तेव्हा प्रश्न "किमान किती भरू?" हा नसतो. "जास्तीत जास्त किती भरू शकतो?" हा असतो.

आणखी एक गोष्ट. मागची बाकी राहिलेली असताना त्याच कार्डावर तुम्ही २०० रुपयांची मिसळ खाल्लीत, तर त्या मिसळीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. फुकटचा काळ सगळ्याच खरेदीसाठी बंद झालेला असतो. आणि एटीएममधून क्रेडिट कार्डाने रोख काढली तर फुकटचा काळ मुळात नसतोच. व्याज त्याच दिवसापासून, वर काढण्याचं शुल्क वेगळं. ते करूच नका.

कुणी विचारेल, इतक्या व्याजावर काही मर्यादा नाही का? २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने म्हटलं होतं की वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे ३० टक्क्यांची ती मर्यादा आज नाही. बँकेतल्या मुदत ठेवीवर सहा-सात टक्के मिळतात आणि इथे ४२ टक्के जातात, हे डोक्यात ठेवा.

नो-कॉस्ट ईएमआय

"पण मी तर नो-कॉस्ट ईएमआयवर घेतो!" ठीक आहे. पण शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. होतं काय, की व्याजाइतकी रक्कम किमतीत सूट म्हणून आधी वजा दाखवतात आणि मग व्याज लावतात. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुतेक वेळा तुमच्याच माथी. शिवाय एकरकमी घेतलं असतं तर मिळणारा डिस्काउंट जातो, तो वेगळा. घ्यायचं तर घ्या, पण दोन्ही आकडे शेजारी लिहा: आज रोख दिले तर किती, आणि सगळे हप्ते अधिक फी अधिक कर मिळून किती. दोन आकड्यांतला फरक, ती त्या "नो-कॉस्ट"ची कॉस्ट.

सिबिल: तुमचं दुसरं प्रगतिपुस्तक

आता स्कोर. आपण सरसकट "सिबिल" म्हणतो, पण सिबिल हे एका कंपनीचं नाव. ती २००० साली सुरू झाली. आज भारतात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्स कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती यांना पाठवतात. जानेवारी २०२५ पासून ही माहिती किमान दर पंधरवड्याला जाऊ लागली. म्हणजे आज चुकवलेला हप्ता फार दिवस लपत नाही.

स्कोर ३०० ते ९०० च्या मधला आकडा असतो. साधारण ७५० च्या वर असला की बँका चांगला मानतात. तो कशावर ठरतो?

सगळ्यात मोठी गोष्ट, वेळेवर भरता का. दुसरी, लिमिटचा किती भाग वापरता. ५०,००० लिमिट असेल आणि दर महिन्याला ४८,००० वापरत असाल, तर पूर्ण भरूनही बँकेला वाटतं की हा माणूस ओढाताणीत आहे. ३० टक्क्यांच्या आत राहा, असं सांगतात. तो काही कायदा नाही, पण सवय चांगली. तिसरी, तुमचं सगळ्यात जुनं खातं किती जुनं आहे. चौथी, थोड्या दिवसांत किती ठिकाणी कर्ज मागितलं. एका आठवड्यात पाच ॲपवर अर्ज टाकला की पाच ठिकाणांहून तुमची चौकशी होते आणि ते सगळं नोंदलं जातं.

आणि कशावर ठरत नाही? पगारावर नाही. बचत खात्यातल्या पैशावर नाही. दहावीच्या मार्कांवर तर नाहीच नाही. लाखभर पगार घेणारा हप्ते चुकवत असेल तर त्याचा स्कोर खाली, आणि पंधरा हजारांत घर चालवून वेळेवर भरणाऱ्याचा वर. पुन्हा तीच आजीची वही.

एक गैरसमज काढून टाका. स्वतःचा स्कोर स्वतः बघितला तर तो कमी होत नाही. उलट या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तुमचा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम २०१७ पासून आहे. रिपोर्ट कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच मागवा. "तुमचा सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. खरी नोंद कोणीही पुसू शकत नाही. चुकीची असेल, म्हणजे तुम्ही न घेतलेलं कर्ज तुमच्या नावावर दिसत असेल, तर तक्रार तुम्ही स्वतः फुकट करू शकता. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

तुमच्या वयात हे महत्त्वाचं का? उद्या शिक्षणासाठी कर्ज लागेल, बाईक लागेल, पुढे घर. सरकारी बँकेच्या परीक्षा देणाऱ्यांनी तर भरतीची जाहिरात नीट वाचा, तिथे उमेदवाराचा कर्जाचा इतिहास चांगला असण्याची अट असते. एकोणिसाव्या वर्षी दोन-तीन हजारांचं "आत्ता घ्या, नंतर पैसे द्या" विसरून गेलात, तरी रिपोर्ट विसरत नाही. कारण ते बटण दाबलं की बहुतेक वेळा तुमच्या पॅनवर एक खरंखुरं कर्ज उघडतं.

आणि मित्राला जामीन राहताना दहा वेळा विचार करा. जामीन म्हणजे फक्त सही नाही. त्याने भरलं नाही तर कायद्याने देणं तुमचं, आणि डाग तुमच्याही रिपोर्टवर. तसंच स्वतःचं पॅन आणि ओटीपी देऊन "तुझ्या नावावर फोन घेऊ, हप्ते मी भरतो" हा व्यवहार कितीही जवळच्या मित्राशी करू नका.

अडकलाच असाल तर

काही श्रोते आधीच अडकलेले असतील, त्यांच्यासाठी हे थोडं सावकाश सांगतो.

पहिलं, कार्ड वापरणं आजच बंद. दुसरं, बँकेला फोन करून बाकीची रक्कम ईएमआयमध्ये बदलून मागा. त्याचा व्याजदर बहुतेक वेळा कार्डाच्या दरापेक्षा बराच कमी असतो. तिसरं, एका ॲपचं फेडायला दुसऱ्या ॲपवरून घेऊ नका. खड्डा बुजत नाही, फक्त सरकतो.

चौथं, "सेटलमेंट"ची ऑफर आली तर समजून घ्या. ४० हजारांऐवजी २५ हजारांत मिटवतो म्हणतात, ऐकायला गोड वाटतं. पण रिपोर्टवर "क्लोज्ड" न येता "सेटल्ड" असा शेरा येतो, आणि पुढची बँक तो वाचते. खरंच दुसरा मार्ग नसेल तर करा, पण माहीत असून करा.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, घरी सांगा. आई, बाबा, ताई, मामा, जो शांतपणे ऐकून घेईल त्याला. ओरडा बसेल. पण तो ओरडा फुकट आहे, लपवण्याचं मात्र दिवसाला व्याज लागतं. आणि वसुलीवाल्यांना घाबरून काही टोकाचं डोक्यात आणू नका. त्यांनाही नियम आहेत. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांत बदनामी, यातलं काहीही चालत नाही. कर्ज देणाऱ्या ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघणं हेही रिझर्व्ह बँकेच्या नियमांविरुद्ध आहे. बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. बनावट ॲपने फसवलं असेल तर थेट सायबर हेल्पलाइन १९३०.

पहिलं कार्ड घ्यायचं तर

कार्ड वाईट नाही. नीट वापरलं तर पत तयार करायचा सोपा मार्ग आहे. पगार सुरू झाला नसेल तर छोटी मुदत ठेव ठेवून त्यावर मिळणारं कार्ड घेता येतं. लिमिट ठेवीच्या आतच असतं, आणि इतिहास तयार व्हायला लागतो. त्यावर एकच ठरलेला खर्च टाका, मोबाइलचा रिचार्ज म्हणा किंवा बसचा पास. आणि खात्यातून आपोआप भरणा लावताना पर्याय नीट बघा. तिथे "मिनिमम" आणि "टोटल" असे दोन पर्याय असतात. "टोटल" निवडा. एखादवेळी तारीख चुकलीच तर घाबरू नका, ताबडतोब भरा. ड्यू डेटनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँक लेट फी लावू शकत नाही आणि खातं थकीत म्हणून कळवूही शकत नाही.

चला, आता गृहपाठ. घरात कुणाकडे क्रेडिट कार्ड असेल तर त्यांच्या परवानगीने एक स्टेटमेंट मागून घ्या आणि त्यात पाच गोष्टी शोधा: स्टेटमेंटची तारीख, ड्यू डेट, एकूण देय, किमान देय आणि व्याजदर. व्याजदर महिन्याचा दिला असेल तर त्याला बाराने गुणा आणि तो आकडा घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. घरात कार्ड नसेल तर कुठल्याही बँकेच्या वेबसाइटवर कार्डाच्या महत्त्वाच्या अटी दिलेल्या असतात, त्या उघडा. त्यात व्याज कसं मोजतात याचं उदाहरण असतं. आज आपण जे केलं, तेच तिथे बारीक अक्षरात सापडेल.

हा भाग वर्गाच्या ग्रुपवर टाका, विशेषतः ज्याचा अठरावा वाढदिवस जवळ आलाय त्याला नक्की पाठवा. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या, आणि बिल आलं की वरचा आकडा बघा, खालचा नाही. भेटूया!